पनवेल पोलादपूरपर्यंत आलं तर

रायगड जिल्ह्याला १५ तालुके. वरच्या टोकाला पनवेल-उरण. तिथं मुंबई नेमकी कुठं संपते हे आता सांगता येत नाही. खालच्या टोकाला महाड आणि पोलादपूर. तिथून आंबेनळीचा घाट चढला की सातारा जिल्हा लागतो. पनवेलचं जे झालं ते आपलंही व्हावं का, यावर घाटाखालच्या एकाच घरातली दोन माणसं बोलताहेत. एक दीर, नोकरीभर मुंबईत, बिऱ्हाड डोंबिवलीला. दुसरी त्यांची थोरली भावजय, लग्न होऊन आली ती इथंच राहिली. घाटरस्त्यालगतच्या सामायिक जमिनीला गिऱ्हाईक आलंय, एवढं निमित्त पुरे.

भावोजी : एजंटाचा फोन मलाही आला होता, वहिनी. कशेडीचा बोगदा झाला, महामार्ग रुंद झाला, अटल सेतू झाला, आता तुमचं पोलादपूर म्हणजे मुंबईचं अंगणच, हे त्याचं पालुपद. कशेडी आपल्या पुढं, खेडच्या वाटेवर. मुंबईहून इथं यायला त्या बोगद्याचा काडीचा उपयोग नाही, हे त्याच्या गावीही नव्हतं. ते असो. मला त्याच्या भूगोलाची नाही, त्याच्या उत्साहाची धास्ती वाटते. मी डोंबिवलीला राहायला गेलो तेव्हा स्टेशनापासून थोडं चाललं की भातखाचरं लागायची. ती एका रात्रीत गेली नाहीत. आधी एकानं रस्त्याकडेचं खाचर दिलं. त्याच्या मुलीचं लग्न थाटात झालं, दारात गाडी आली. मग भरावामुळं शेजाऱ्याच्या शेतातलं पाणी तुंबायला लागलं, त्यानंही दिलं. तिसऱ्याला विकायचं नव्हतं, पण दोन्ही बाजूंनी इमारती उभ्या राहिल्यावर मध्ये भात लावणार कोण? कुणीही मूर्खपणा केला नाही, प्रत्येकानं आपल्यापुरता शहाणपणाच केला, आणि गाव गेलं. आता तिथं लाखो लोक राहतात. सकाळी निघतात, रात्री झोपायला येतात. शेजारी कोण हे दारावरच्या पाटीवरून कळतं. मी ते आयुष्य काढलंय, मला त्याची तक्रार नाही. पण निवृत्तीनंतर जिथं यायचं म्हणून मनात ठेवलं होतं, तिथंही तेच यावं हे पटत नाही.

वहिनी : तुम्ही मला उपनगराची भीती घालता. आपलं गाव केव्हाचंच मुंबईचं उपनगर झालंय, भावोजी. फक्त लोकल येत नाही. कर्ती माणसं दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर, घरं इथं. गिरण्या होत्या तेव्हा मनिऑर्डर यायची, आता मोबाईलवरून पैसे येतात. देवळाचा जीर्णोद्धार असो, पाण्याची टाकी असो, ठरतं कुठं? मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीत. आम्हाला मे महिन्यात कळवतात. शाळेचा पट इतका उतरलाय की दरवर्षी बंद होणार अशी आवई उठते. वस्तीच्या एसटीचा भरवसा नाही. पाऊस बघाल तर छत्रीला जुमानत नाही असा, आणि एप्रिल उजाडला की तालुक्यातल्या वाड्या टँकरची वाट बघतात. डोंगरावर पडलेलं पाणी दोन तासांत सावित्रीला जातं, सावित्री ते खाडीला देते. बाळंतपणात जरा अडचण आली की पुढं न्या म्हणतात. पुढं म्हणजे माणगाव, नाहीतर अलिबाग, नाहीतर थेट पनवेल. तुमच्या मनात जे गाव आहे ते मेमधलं, गणपतीतलं आणि शिमग्यातलं आहे. तेव्हा घरात माणसं असतात, पडवीत दिवा असतो, मुलं आंब्याखाली असतात. उरलेले महिने मी इथं काढते. माणसं यायला लागली, रस्त्याला गाडी-घोडं लागलं, दवाखान्यात डॉक्टर टिकला, तर त्याला तुम्ही डोंबिवली म्हणा की आणखी काही. मला चालेल.

भावोजी : माणसं आली म्हणजे सोयी येतात, हा हिशेब महाडलाच चुकलाय. औद्योगिक वसाहत होऊन किती वर्षं झाली! रासायनिक कारखाने, औषधांचे कारखाने, बिरवाडीच्या बाजूला वाऱ्याबरोबर येणारा तो वास. आपल्या किती पोरांना कायमची नोकरी लागली? बहुतेक कंत्राटदाराच्या हजेरीवर. जो शिकला तो तरीही पनवेल नाहीतर पुणं गाठतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या औषधाच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली, ११ कामगार गेले. कोण होते ते? पोट भरायला आलेली माणसं. सांडपाण्याचं तर विचारूच नका. खाडीवरच्या कोळ्यांना विचारा, जाळ्यात काय येतं ते. आणि पनवेलचं उदाहरण देताना पनवेलनं काय सोसलं तेही बघा. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या मागं शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठं साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व पदरात पडलं. तिथं भांडायला समोर जमीन घेणारी सिडको तरी होती. दारावर मोर्चा न्यावा असं काहीतरी होतं. इथं समोर कोण आहे? एक एजंट, त्याच्या मागं दुसरा एजंट, त्याच्या मागं पुण्याचा कुणी डॉक्टर किंवा ठाण्याचा बिल्डर. घाटातली जमीन तुकड्यातुकड्यानं जाते, म्हणून तिचा कधी मोर्चा निघत नाही.

वहिनी : ते खरं आहे, आणि मला ते सुचलं नव्हतं. पण वसाहतीचं तुम्ही एकाच बाजूनं सांगितलं. माझ्या माहेरच्या तीन बाया पॅकिंगला जातात. कंत्राटावरच जातात, खाडा झाला तर पैसा नाही, सगळं कबूल. तरी पगार त्यांच्या हातात पडतो. तुमचे दादा मुंबईहून पाठवायचे तेव्हा पैसा आधी सासूबाईंच्या हातात जायचा, मग माझ्या. घरात एका बाईच्या हातात महिन्याला नगद येणं म्हणजे काय, हे ज्याला नेहमीच पगार मिळाला त्याला कळायचं नाही. राहिला सोयींचा हिशेब. त्याचं मला जे दिसलंय ते सांगते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या वेळचा पूल गेला. दोन एसट्या आणि काही गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. पुढच्या जूनमध्ये नवा पूल वाहता झाला. दहा महिने! चांगलंच झालं, कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. पण वाडीकडच्या ओढ्यावर साकव हवा म्हणून आपण किती अर्ज दिले? पोरं अजून दगडांवरून उड्या मारत शाळेत जातात. महामार्गावरून गोव्याला जाणाऱ्याची वाट खोळंबली की सरकार दहा महिन्यांत जागं होतं. म्हणून मी म्हणते, इथं कुणीतरी असं यायला हवं की ज्याची वाट खोळंबली तर वर कळतं. तुम्हाला तो बाहेरचा वाटतो. मला तो आमच्या अर्जाला जोडायचा वजनदार कागद वाटतो.

भावोजी : म्हणजे आपल्या साकवासाठी पाहुणा ओलीस धरायचा! पण तो साकव कुणाच्या दारापर्यंत येईल? रिसॉर्टच्या फाटकापर्यंत. पाहुणे तर इथं आज येत नाहीत, इंग्रजांच्या काळापासून येताहेत. मुंबईचे साहेब महाबळेश्वरची थंड हवा खायला याच बाजूनं चढायचे. आंबेनळीला फिट्झगेराल्ड घाट म्हणतात ते उगीच नाही. रस्ता झाला तो वर जाणाऱ्यांसाठी, खाली राहणाऱ्यांसाठी नव्हे. आजही तेच. प्रतापगड बघायला जाणारी गाडी पोलादपुरात चहा घेते, फार तर पंक्चर काढते. गड सातारा जिल्ह्यात, जेवण वाडा कुंभरोशीला, मुक्काम महाबळेश्वरला. आपल्या वाट्याला गाडीचा धूर. उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, खुद्द पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवाजी महाराजांवर ज्यानं संस्कृतात काव्य लिहिलं तो माणूस! किती गाड्या वळतात तिकडं? पावसाळ्यात थांबतात त्या धबधब्याखाली. बाटल्या फोडतात, कठड्यावर बसून फोटो काढतात. आणि २८ जुलै २०१८? दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस सहलीला महाबळेश्वरला निघाली होती. आंबेनळीत दरीत गेली, ३० माणसं गेली, एक वाचला. अशा ठिकाणी आणखी गाड्या बोलावायच्या?

वहिनी : त्या दिवशी दोर बांधून दरीत कोण उतरलं ते पेपरात एका ओळीत आलं होतं. घाटावरचे-घाटाखालचे गिर्यारोहक, आपली पोरं, पोलीस. सरकारी यंत्रणा आली, पण वाट दाखवायला वाट माहीत असलेला लागतो. घाटात माणूसच उरला नाही तर पुढच्या वेळी कोण उतरणार? पर्यटकांचं म्हणाल तर माझं मत तुमच्यापेक्षा वाईट आहे, कारण मी त्यांना जेवायला वाढते. ढवळ्याकडून चंद्रगड करायला येणारी ट्रेकची मुलं सांगून येतात, घाटातून उतरणाऱ्या गाड्या न सांगता. सगळ्यांना चुलीवरची नाचणीची भाकरी हवी. चूल पेटवलेली हवी, धूर नको. नाचणीची नीट उकड काढली तर भाकरी चिरत नाही, पण त्याला वेळ लागतो आणि गाडीवाले चप्पल घालूनच बसलेले असतात. मग मी पिठात निम्मं तांदळाचं पीठ मिसळते, थापते, काठ फाटू न देता तव्यावर टाकते. ते तिला अस्सल म्हणतात. आणि ती नाचणीसुद्धा महाडच्या बाजारातून आणलेली असते! वरकस जमिनीवर आपण पेरत होतो ती डुकरांनी नि वानरांनी खाल्ली, मग पेरायचीच सोडली. तुम्ही म्हणाल हा देखावा आहे. आहेच. पण देखाव्याच्या पैशात मी धाकट्याची फी भरली. शेतीच्या पैशात ती भरता आली नसती. गाव जसंच्या तसं ठेवायला सांगणाऱ्यांनी गावाला त्याचं भाडं कधी दिलंय का?

भावोजी : हा टोला मला, समजलं. घेतला. पण तुम्ही आता वाढताय ते घरच्या ओसरीवर. एजंट जे मागतोय ती डोंगरउताराची जागा आहे. तिथं रिसॉर्ट म्हणजे आधी जेसीबी. उतार कापायचा, ऐन-किंजळ पाडायचे, सपाटी करायची, कापलेली माती खालच्या अंगाला लोटून द्यायची. ती माती पहिल्या पावसात ओढ्यात, ओढ्यातून सावित्रीत. महाडला पूर येतो तो नुसता पावसाचा नसतो. सावित्री, काळ आणि गांधारी एकत्र येतात, खालून खाडीची भरती चढते आणि मधे पात्र गाळानं उथळ झालेलं. २०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. त्यातलं पश्चिमेला उतरलेलं सगळं पाणी आपल्या अंगावरून महाडच्या बाजारपेठेत गेलं. दुकानांचे पहिले मजले बुडाले. वरच्यानं डोंगर कापला की खालच्याचं दुकान जातं, आणि दोघांची कधी गाठही पडत नाही. त्याच महिन्याच्या २२ तारखेला तळीये दरडीखाली गेलं. आपल्याच तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी. हे माहीत असताना उतारावर बांधकाम करू देणं म्हणजे गुन्हा आहे.

वहिनी : तळीयेला रिसॉर्ट नव्हतं, भावोजी. केवनाळ्याला नव्हतं. सुतारवाडीत नव्हतं. तिथं तुम्हाला आवडतं तसंच गाव होतं, कौलारू, डोंगराच्या कुशीत. ८० वर माणसं तळीयेत दरडीखाली गेली. त्याआधी २००५ च्या जुलैमध्ये जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते, तिथंही जेसीबीनं काही केलेलं नव्हतं. तेव्हा जुनं ते सुरक्षित आणि नवं ते धोक्याचं, हे मला मान्य नाही. उतार कापू नये हे मान्य. पण उतार न कापताही येतो. २०२१ च्या त्या रात्री आम्ही जागे होतो. लाईट गेलेली, मोबाईलला रेंज नाही. ओढ्याचं पाणी लाल झालं आणि मग मध्येच ओसरलं. पाऊस कोसळतोय आणि ओढा ओसरतोय, म्हणजे वर कुठंतरी माती येऊन अडलंय, एवढं म्हातारी माणसं जाणून होती. आम्ही गुरं सोडली आणि शाळेत जाऊन बसलो. आपल्याकडं काही झालं नाही, नशीब. पण ओढा ओसरला हे बघायला कुणीतरी जागं होतं. एजंटाच्या गिऱ्हाइकाचा बंगला झाला तर त्या रात्री तिथं कोण असेल? एक रखवालदार, तोही बहुधा परगावचा, ज्याला या ओढ्याची ओळख नाही. म्हणून मी विकायला तयार नाही, हेही सांगून टाकते. माझं म्हणणं इतकंच की माणसं यावीत, आणि जो पावसाळा इथं काढतो त्याचा या जागेवर शब्द चालावा.

(दोघांच्याही बोलण्यात आतापर्यंत 'माणसं यावीत' आणि 'माणसं नकोत' असं चाललं होतं. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं वेगळी माणसं होती, हे इथं पहिल्यांदा उघड झालं. जमीन न विकण्यावर दोघांचं आधीपासूनच एकमत होतं, हेही.)

भावोजी : पावसाळा काढील तो इथला. ऐकायला छान आहे, आणि मला बाद करायला सोयीचंही. पण ही फुटपट्टी लावून बघू. कातकरवाडीतली माणसं दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळा ती इथंच काढतात. त्यांचा शब्द कुठं चालतो? घराखालची जागासुद्धा अनेकदा त्यांच्या नावावर नसते. वसाहतीतला ओडिशाचा, बिहारचा कामगार बिरवाडीच्या दहा बाय दहाच्या खोलीत सगळा पावसाळा असतो. पुरात त्याचीही ट्रंक वाहून गेली. ग्रामसभेत त्याला कोण बोलावतं? उलट धबधब्याखाली नाचणारा नेमका पावसातच येतो! वहिनी, इथं राहण्यानं हक्क मिळतो असं कधी नव्हतंच. महाडकरांना हे शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. सुरेंद्रनाथ टिपणिसांच्या महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव १९२४ ला केला. पाण्याला हात लागला २० मार्च १९२७ रोजी, तोही बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन चालत गेले तेव्हा. आणि त्यावर लोकांना मार खावा लागला, तळं गोमूत्रानं 'शुद्ध' केलं गेलं. उच्च न्यायालयाचा निकाल आला १९३७ च्या मार्चमध्ये. ज्यांना पाणी नाकारलं ती माणसं पिढ्यानपिढ्यांचे पावसाळे इथंच काढत होती. त्याच १९२७ च्या डिसेंबरातल्या परिषदेला जागा मिळेना तेव्हा ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं. माझा ऑफिसातला एक मित्र शेजारच्या गावातल्या बौद्धवाडीचा. गावी घर बांधतोस का विचारलं, तर म्हणाला, बांधीन, पण गावात नाही, महामार्गाला लागून. आपण ज्याला गावची आपुलकी म्हणतो, तिथं त्याला आधी आडनाव विचारतात. डोंबिवलीत शेजारी ओळखत नाही ही मला उणीव वाटते. त्याला ती सुटका वाटते.

वहिनी : मग आता तुम्हीच उपनगराची बाजू घेतलीत.

भावोजी : घेतली खरी. पूर्ण नाही; तिथंही फ्लॅट घेताना आडनाव विचारतातच, फक्त हसून विचारतात.

वहिनी : तुमच्या मित्राचं मी खोडून काढणार नाही. वाड्या अजून जातीनंच बसल्यात. मराठ्यांची वेगळी, कुणब्यांची वेगळी, बौद्धवाडी ओढ्यापलीकडं, धनगरवाडा वर कपारीला, मुसलमानांचे मोहल्ले खाली दासगाव-टोळकडं, कातकरी सगळ्यांच्या शेवटी. पूर आला की सगळे एक होतात असं पेपरवाले लिहितात. झालेही होते. एकमेकांना भाकऱ्या दिल्या, मोहल्ल्यातली पोरं आमच्याकडं पाणी घेऊन आली, देवळातली भांडी मशिदीत गेली. मग पंचनाम्याच्या याद्या लागल्या आणि जो तो आपापल्या वाडीत परतला. यादीत नाव कुणाचं, घर पक्कं की कच्चं, भाडेकरू धरायचा की नाही. कागद आला की माणूस पुन्हा जातीत जातो, नाहीतर हद्दीत जातो. आणि कागदाचंच बोलायचं तर, भावोजी, माझं बोला. आपल्या सातबाऱ्यावर नावं कुणाची आहेत? मामंजींच्या नंतर वारस लागले, तुम्ही तिघं भाऊ आणि दोघी वन्सं. तुम्ही डोंबिवलीला, मधले भावोजी नालासोपाऱ्याला, तुमचे दादा अजून कांदिवलीला रिक्षा चालवतात, वन्सं चिपळूणला आणि सुरतेला. मी राब भाजला, लावणी केली, मळणी केली, बांध घातले. मी कागदावर कुठंच नाही. एजंटानं तुम्हाला फोन केला, मला नाही केला. न्याहारी-निवासाची सरकारी योजना आहे, तिची चौकशी करायला मी महाडला गेले होते. घराच्या कागदांवर कोण आहे विचारलं, सगळ्यांची संमती आणा म्हणाले. बँकेतही तेच. म्हणजे विकायला माझी सही लागत नाही, आणि ओसरीवर दोन खाटा टाकून पाहुणा ठेवायला मात्र तुमच्या पाच सह्या लागतात. कातकऱ्याचं उदाहरण तुम्ही दिलंत. मी त्याच्या शेजारीच उभी आहे.

भावोजी : हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. आलं होतं, आणि मी ते पुढं ढकलत राहिलो. पण इथंही गाठ आहे. समजा तुमचं नाव लावलं, हक्क राहणाऱ्याच्या हाती दिला. उद्या तुमचा धाकटा म्हणाला, विकून टाकू, मला पनवेलला गाळा घ्यायचाय, तर? आज जमीन वाचली आहे ती आमच्या पाच जणांचं एकमत होत नाही म्हणून! सामायिक सातबारा ही कोकणातली सगळ्यात वैतागाची गोष्ट आहे, आणि सगळ्यात भक्कम कुंपणही तीच आहे. कितीतरी डोंगर केवळ एका चुलतभावाची सही मिळाली नाही म्हणून उभे आहेत. तुम्ही ते कुंपण काढा म्हणताय.

वहिनी : कुंपण तसंच ठेवा, त्यात मला एक दार द्या. विकायला सगळ्यांच्या सह्या लागतात, लागू देत. माझीही लागावी एवढं करा. आणि राहायला, राबायला, दोन पाहुणे ठेवायला परवानगी मागत हिंडायची पाळी माझ्यावर नको. धाकट्याचं म्हणाल तर तो विकीलही. त्याला इथं ठेवायचं असेल तर त्याच्यापुढं काहीतरी चाललेलं दिसायला हवं, नुसतं वाचवून ठेवलेलं नव्हे. तुम्ही मुलाला सांगाल का, की तू इथं राहा, कारण आम्हाला मेमध्ये यायला आवडतं?

भावोजी : नाही सांगणार. आणि माझ्या मुलांना मी कधी सांगितलंही नाही. ती येतात ती बारशाला-बाराव्याला, रेंज येत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परततात. तेव्हा मी कुणासाठी हे राखतोय, हा प्रश्न मलाच पडायला हवा. तरी एक अडचण राहतेच, वहिनी. तुमच्या दोन खाटा चालल्या तर शेजारचा चार टाकील. त्याच्या बाजूचा उतार कापून दहा खोल्या बांधील. डोंबिवलीलाही पहिला माणूस असाच शहाणा होता.

वहिनी : असेल. तो शेजारी कोण ते मला माहीत आहे, आणि त्याला ग्रामसभेत अडवायला मी जाईन. पण ग्रामसभेचा कोरम भरत नाही. १५ ऑगस्टला निम्मी कामकरी माणसं वसाहतीत पाळीवर, कातकऱ्यांना कुणी निरोप देत नाही, आणि ज्यांची घरं आहेत ते मुंबईत. मुंबईच्या मंडळाला एवढं तरी सांगा, की टाकी कुठं बांधायची ते इथं येऊन ठरवा, आणि बैठकीला बौद्धवाडी नि कातकरवाडीसुद्धा बोलवा.

भावोजी : मंडळात सांगून बघतो. ऐकतील असं नाही. माझ्या सहीचं म्हणाल तर ती मी देईन. बाकीच्या चौघांचं मी बोलू शकत नाही.

वहिनी : दोघी वन्संशी मी बोललेय, त्या तयार आहेत. तुमच्या दादांना मी बघते. मधले भावोजी तुमचं ऐकतात. गणपतीला सगळे येताच. या खेपेला विसर्जनाच्या रात्रीच गाड्या सोडू नका. आणखी एक दिवस थांबा, तलाठ्याची कचेरी उघडी असते.